यंदा कशात नाव द्यायचं? युवा महोत्सव, आविष्कार आणि एनएसएसबद्दल एका शिक्षिकेचा अभिप्राय

प्रवेश उरकत आले की आमच्या कॉलेजच्या फलकावर नोटिसा लागायला सुरुवात होते. सांस्कृतिक विभागाची निवड चाचणी, एनएसएसची नावनोंदणी, आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी विषय द्या, क्रीडा विभागाकडे वैद्यकीय दाखला आणा. पहिल्या वर्षाची मुलं फलकासमोर घोळका करतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि निघून जातात. मग आठवडाभर मला एकच प्रश्न येत राहतो, "मॅडम, ह्यातल्या कशात नाव घालू?" पालकांचेही फोन येतात. त्यांची काळजी निराळी असते, "ह्यात पोरीचा अभ्यास तर बुडणार नाही ना?"

मी शिराळा तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि बरीच वर्षं सांस्कृतिक विभाग सांभाळते. आमचं कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे इथे लिहिलेलं कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या मुलांना थेट उपयोगी पडेल. राज्यातल्या इतर विद्यापीठांतही चौकट बरीचशी हीच आहे, फक्त तारखा आणि ठिकाणं वेगळी.

मी कशावरून चांगलं-वाईट ठरवते ते आधीच सांगते. स्टेजवरची पाच-दहा मिनिटं मी मोजत नाही. त्या मिनिटांसाठी मुलाला आधीचे दीड-दोन महिने काय करावं लागतं, ते बघते. तयारी करताना ज्याला कुणाकडे तरी जावं लागतं, काही शोधावं लागतं, चार जणांशी जुळवून घ्यावं लागतं, त्याचं वर्ष सत्कारणी लागलं. आणि ज्या कार्यक्रमाची सगळी तयारी म्हणजे कपडे भाड्याने आणणं, त्याला मी कमी गुण देते, भले त्यात ढाल मिळो.

सगळ्यात मोठा कार्यक्रम अर्थातच युवा महोत्सव. पावसाळ्याच्या शेवटी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आधी जिल्ह्याचा महोत्सव होतो. त्यातून निवडलेले संघ मध्यवर्ती महोत्सवाला जातात. तिथून विद्यापीठाचा संघ बांधला जातो आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य', जो २००३ पासून भरतो. दुसरी भारतीय विश्वविद्यालय संघाची, म्हणजे पश्चिम विभागीय महोत्सव आणि त्यानंतर राष्ट्रीय. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग. वयाची अट २५ वर्षांच्या आतली. या सगळ्यात मिळून दोन डझनांहून जास्त प्रकार आहेत. पण आमच्याकडची मुलं पहिल्यांदा विचारतात ते फक्त लोकनृत्याचं. कारण तेवढंच त्यांनी गॅदरिंगमध्ये पाहिलेलं असतं.

म्हणून माझ्या सगळ्यात आवडत्या प्रकारापासून सुरुवात करते, लोकवाद्यवृंदापासून. जास्तीत जास्त बारा जण, सगळी वाद्यं आपल्या मातीतली, दहा मिनिटांच्या आतबाहेर वेळ. ऐकायला सोपं वाटतं. आता आमच्या भागात ही वाद्यं कुठे आहेत ते बघा. ढोल आणि कैताळ धनगरवाड्यावर. संबळ गोंधळ्यांच्या घरात. दिमडी खंडोबाच्या जागरणात. चौंडकं यल्लम्माच्या जोगत्यांकडे. टाळ-पखवाज भजनी मंडळात. हलगी तर प्रत्येक गावच्या जत्रेत, कुस्तीच्या फडात आणि मिरवणुकीत. पण ही सगळी वाद्यं एका ताफ्यात, एका बैठकीत आणायची म्हणजे मुलांना आपल्याच तालुक्यातल्या आठ वाड्यांवर फिरावं लागतं. हे फिरणंच खरं शिक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या एका वर्षीच्या ताफ्यात संबळ वाजवणारा मुलगा होता. बी.कॉम.ला होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालण्याचं काम. पण फॉर्मवर 'छंद' या रकान्यात त्याने लिहिलं होतं क्रिकेट. दुसऱ्या एका मुलाने सांगितलं म्हणून मला कळलं. त्याला म्हटलं, संबळ घेऊन ये. तो चार दिवस टाळत राहिला. शेवटी वडीलच घेऊन आले, शिक्षक-खोलीत सतरंजीवर बसले आणि दोन्ही कुड्यांचा सूर कसा लावायचा, वाकड्या काठीचा घाव कुठे पडायला हवा, ते त्यांनी सगळ्या पोरांना दाखवलं. आमचे अर्थशास्त्राचे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवसापासून त्या मुलाची मान ताठ झाली. जिल्ह्यात आम्हाला क्रमांक मिळाला नाही. तरी त्या ताफ्यातल्या प्रत्येकाला आज संबळ, हलगी आणि चौंडकं यांचे ठेके ओळखता येतात, आणि त्या मुलाला आता गावोगाव बोलावणं येतं.

लोकवाद्यवृंदात अडचणीही खूप आहेत, त्या लपवत नाही. ओल्या हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज उतरतो. महोत्सव नेमका पावसात, म्हणून हलगी आयत्या वेळी कागदांच्या जाळावर शेकावी लागते आणि ते शेकायला जागा मिळत नाही. फायबरचं पान बसवलेली हलगी मिळते, तिला ओल बाधत नाही, पण आवाज पत्र्यासारखा येतो. मी मुलांना कातड्याचीच घ्यायला लावते. दुसरी अडचण लयीची. जत्रेत वाजवणारी पोरं जोशात लय चढवत नेतात. ती धरून ठेवायला शिकवण्यातच महिना जातो. तिसरी अडचण मुलींची. हलगी, ढोल मुलींनी वाजवायचा नाही, असं घरचे अजून म्हणतात. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत दोन-तीन मुली कैताळ आणि तुणतुण्यावर आल्या आणि एक हलगीवरही आली. घरच्यांना तालमीला बोलावलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. एकूण, पाचपैकी पाच.

लोकनृत्याला मी साडेतीन देईन. दहा मिनिटांच्या आत संपवायचं असतं आणि संघात दहा जण. त्यात धनगरी गजनृत्य घेतलं तर फार चांगलं. धोतर, अंगरखा, फेटा आणि हातातले रंगीत रुमाल, एवढ्यात भागतं. ढोल वाजवणारा गावातच मिळतो आणि पावलं शिकवणारी जुनी माणसं अजून आहेत. लेझीमही तसंच. पण बऱ्याच ठिकाणी आता शहरातून नृत्यदिग्दर्शक आणतात. तो पंधरा दिवसांत बसवून देतो, कपडे आणि दागिने भाड्याने येतात, आणि खर्चाचा बोजा कुठे कॉलेजवर तर कुठे मुलांवर पडतो. पालकांनो, लोकनृत्यात नाव देण्याआधी हे जरूर विचारा : बसवणार कोण, आणि कपड्यांचे पैसे कोण देणार? दोन्हींची उत्तरं सरळ मिळाली तरच पुढे जा.

मूकनाट्याकडे मुलं सहसा वळत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. सहा जण, पाच मिनिटं, तोंडातून शब्द नाही. खर्च म्हणाल तर काळे कपडे आणि चेहऱ्याला पांढरा रंग. आमच्या मुलांनी एकदा पाण्याच्या टँकरचा विषय घेतला होता. सहा जणांच्या शरीरांतून टँकर उभा करायचा. दोघं चाकं, दोघं टाकी, एक जण पाइप, एक ड्रायव्हर. मग पाणी भरायला येणार कोण? माणसंच उरली नाहीत! या एका प्रश्नावर त्यांनी बरेच दिवस घातले. शेवटी टाकी झालेल्या दोघांनी पाठ फिरवली आणि तेच घागर घेऊन रांगेत उभे राहिले. तेवढ्या एका वळणासाठी त्यांनी किती गोष्टी टाकून दिल्या ते मी पाहिलं आहे. आधी वीस प्रसंग होते, शेवटी पाच उरले. निबंधात मी वर्षभर सांगते की नको ते काढून टाका, आणि मुलं ऐकत नाहीत. मूकनाट्याने ते त्यांच्या हाडात भिनवलं. बोलायला लाजणाऱ्या मुलांसाठी तर हा प्रकार फारच चांगला आहे. पाच गुण.

लघुनाटिकेत सहा जण आणि दहा मिनिटं असतात. इथे विनोदाच्या नादात कुणाच्या जातीवर, शरीरावर, बाईपणावर बोट ठेवलं जातं. नियमातही असं चालत नाही आणि माझ्या तालमीत तर मुळीच नाही. एकांकिका अर्ध्या तासाची. तिला जाणतं मार्गदर्शन हवं, नाहीतर पोरं नुसती ओरडत राहतात. वादविवाद आणि वक्तृत्वात आमची मुलं मागे पडतात ती विचारांत कमी म्हणून नाही. मोबाइलवर मिळालेलं तयार भाषण पाठ करून येतात आणि समोरच्याने एक मुद्दा खोडला की थांबतात. वादविवादाला दोघांची जोडी, एकाने बाजूने आणि एकाने विरुद्ध बोलायचं. मी दोघांनाही दोन्ही बाजूंची भाषणं लिहायला लावते. सुगमगायनाला सिनेमातलं गाणं चालत नाही, हे मात्र आत्ताच ध्यानात ठेवा. दरवर्षी निवड चाचणीला निम्मी मुलं सिनेमातलंच गाणं घेऊन येतात. अभंग, भावगीत, गझल यांतलं काही बसवून या.

ललित कलांविषयी थोडं जास्त लिहायलाच हवं, कारण गरीब घरच्या मुलांना सगळ्यात जास्त संधी इथे आहे आणि नोंदणी सगळ्यात कमी इथे होते. रांगोळी, भित्तिचित्र, व्यंगचित्र, मातीकाम, कोलाज, स्थळचित्र हे सगळे एकट्याने करायचे प्रकार. वेळ साधारण अडीच तास, आणि बहुतेकांचा विषय तिथेच देतात. रचनाशिल्प मात्र चौघांनी मिळून करायचं असतं आणि ते टाकाऊ वस्तूंतून. बाकीच्या प्रकारांना ना साथीदार लागतात, ना भाड्याचे कपडे, ना पंधरा जणांच्या वेळा जुळवाव्या लागतात. घरी गणपतीच्या मूर्ती रंगवणारी, कुंभारकाम पाहिलेली, दारात रोज रांगोळी काढणारी किती मुलं-मुली आहेत! त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की ही कला कॉलेजात मोजली जाते. तयारीला एक वही पुरते. दोन महिने रोज घड्याळ लावून एक चित्र. रोज लावलेलं घड्याळ फार शिकवतं. अडीच तासांत चित्र पुरं करायचं म्हणजे कुठे थांबायचं ते आधी ठरवावं लागतं.

आता तक्रार. नाव घेणार नाही, पण एका वर्षी एका यजमान कॉलेजात आमच्या मूकनाट्याची वेळ सकाळी अकराची होती. मुलं पहाटे उठून, चेहरे रंगवून तयार. प्रत्यक्षात रंगमंचावर गेली दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात कुणी सांगायला नाही, मुलींच्या खोलीला आतून कडी नाही, पिण्याच्या पाण्यासाठी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जावं लागलं. परत निघालो तेव्हा पेठनाक्यावरून आत येणारी शेवटची एसटी गेलेली. एक वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, ओळखीचा निघाला म्हणून सगळ्या मुली आपापल्या दारात पोचल्या. त्या संघातल्या दोघींना पुढच्या वर्षी घरून परवानगी मिळाली नाही. त्यांचा अभिनय चांगला होता. कार्यक्रमाच्या ढिसाळपणाची किंमत नेहमी मुलीच आधी मोजतात, हे मी वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी संताप येतो.

उलट असंही कॉलेज पाहिलं आहे, जिथे प्रत्येक रंगमंचाचं वेळापत्रक आदल्या दिवशी सगळ्या संघांना फोनवर मिळालं, उशीर झाला की नवी वेळ लगेच कळवली, मुलींच्या खोलीबाहेर त्या कॉलेजच्या दोन शिक्षिका बसून होत्या आणि रात्री लांबच्या संघांना पोचवायला गाडी होती. खर्च फार नव्हता. कुणीतरी बसून आधी विचार केला होता, इतकंच. म्हणून जे जे कॉलेज यंदा यजमान असेल त्याला मी हात जोडून सांगते, मंडपाच्या सजावटीतले पैसे कमी करा आणि ते मुलींच्या खोलीवर आणि परतीच्या गाडीवर घाला.

आणखी एक गोष्ट बदलायला हवी. परीक्षक गुण देतात, निकाल लागतो, ढाली वाटल्या जातात, पण आपलं कुठे कमी पडलं ते हरलेल्या मुलांना कळत नाही. काही परीक्षक निकालाआधी उभं राहून दहा मिनिटं मोकळेपणाने बोलतात. त्या दहा मिनिटांत मुलं जितकं टिपून घेतात तितकं माझ्या तासालाही घेत नाहीत. हे प्रत्येक प्रकाराला व्हायला हवं. आणि संघांनीही आपलं झालं की लगेच गाडीत बसू नये. दिवसभर थांबून दुसऱ्यांचं पाहावं. माझ्या संघाला मी निघूच देत नाही. पलूसच्या, कराडच्या, गडहिंग्लजच्या मुलांनी तोच विषय कसा मांडला हे बघितल्याशिवाय आपली उंची कळत नाही.

युवा महोत्सव इतका गाजतो की 'आविष्कार' झाकला जातो. मला विचाराल तर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलासाठी वर्षभरातला सगळ्यात मोलाचा कार्यक्रम हाच. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये २००६ पासून ही संशोधन स्पर्धा चालते. सहा गट आहेत : मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; शुद्ध विज्ञान; कृषी आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; वैद्यक आणि औषधनिर्माण. पदवीच्या मुलांची पातळी वेगळी, पदव्युत्तरांची वेगळी, संशोधकांची वेगळी. त्यामुळे बारावीतून आलेल्या मुलीला पीएच.डी. करणाऱ्याशी झुंजावं लागत नाही. पोस्टर करायचं, परीक्षकांसमोर उभं राहून समजावायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची.

संशोधन म्हटलं की मुलं बिचकतात. त्यांना वाटतं प्रयोगशाळा लागेल, पैसे लागतील. आमच्या बी.ए. भाग दोनच्या एका मुलीने आजीच्या आणि आजीच्या मैत्रिणींच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आधी नुसता गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मग आम्ही बसलो. कुठल्या ओव्यांत माहेर येतं, कुठल्यांत भाऊ, कुठल्यांत विठ्ठल, कुठल्यांत सासूचा जाच, असे ढीग केले. तेव्हा तिलाच दिसलं की भावावरच्या ओव्या सर्वांत जास्त आहेत आणि नवऱ्यावरच्या मोजक्या. असं का, म्हणून ती परत त्या बायकांकडे गेली. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. पोस्टरसमोर परीक्षकांनी तिला विचारलं, "एवढ्याच बायका का निवडल्या? शेजारच्या वस्तीवर का गेली नाहीस?" ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "त्या वस्तीवर आमच्या घरच्यांचं जाणं-येणं नाही." परीक्षकांनी तेच लिहून ठेवायला सांगितलं, हाही अभ्यासाचा भाग आहे म्हणून. कॉलेजच्या वर्गात हा प्रश्न कधी निघाला नसता.

वाणिज्यच्या मुलांनी आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांच्या रोजच्या उसनवारीचा हिशोब काढावा. विज्ञानाच्या मुलांनी उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तपासावं. कृषीला तर विषयांची वाणच नाही. तयारीसाठी वही, चालायला पाय आणि विचारायला धीर एवढंच लागतं. एकच सावधगिरी बाळगा. शिक्षकांनी आपला जुना प्रबंध कापून मुलाच्या हातात देणं किंवा तयार मॉडेल विकत आणणं, असे प्रकार होतात. परीक्षक दुसऱ्याच प्रश्नाला ते ओळखतात आणि मुलाची मान सगळ्यांसमोर खाली जाते. तुमच्या मुलाच्या पोस्टरवरचा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे ना, एवढं घरी विचारा. पाचपैकी पाच, आणि अजून गुण असते तर तेही दिले असते.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. वर्षाला १२० तासांचं काम, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात आमची मुलं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. पहिल्या दिवशी पोतं उचलायला दोघं लागतात, चौथ्या दिवशी साखळी करून शंभर पोती सरकतात. स्वयंपाकाची पाळी मुलांनाही असते आणि ती टाळता येत नाही. घरी ताट न उचलणारा मुलगा इथे साठ माणसांच्या आमटीला मीठ किती हे विचारत फिरतो. एनएसएस कसं आहे हे सर्वस्वी कार्यक्रम अधिकाऱ्यावर ठरतं. जिथे अधिकारी स्वतः मुलांबरोबर गावात मुक्कामाला राहतो, तिथे डोळे झाकून नाव द्या. जिथे शिबिर फोटोंपुरतं उरतं, तिथे वेळ घालवू नका. हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारलं की लगेच कळतं.

एनएसएसमधून 'आव्हान' या राज्यस्तरीय आपत्ती व्यवस्थापन शिबिरासाठी मुलं निवडतात. तिथे एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान शिकवतात. दोराच्या गाठी, घोंगडीचं स्ट्रेचर, बुडालेल्याला प्रथमोपचार. आमच्या भागाने ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा, पंचगंगा या तिन्ही नद्यांचा महापूर पाहिला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाहिला. नदीकाठच्या प्रत्येक गावात असं शिकलेली दोन-चार मुलं असायलाच हवीत. वारणाकाठच्या मुला-मुलींनी 'आव्हान'ची संधी मिळाली तर सोडू नये.

खेळांसाठी 'अश्वमेध' हा राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव आहे. त्यात पोचणारी मुलं शाळेपासून मैदानावर असतात, आणि त्यांना काय करायचं ते त्यांचे क्रीडाशिक्षक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. गॅदरिंगमधले साडी डे, ट्रॅडिशनल डे वगैरे एक दिवसाची मजा आहे. ती जरूर करा. पण त्यासाठी दागिने आणि साड्या भाड्याने घेऊन घरच्यांवर भार टाकू नका. त्यापेक्षा वार्षिक नियतकालिकात लिहा. विद्यापीठ नियतकालिकांची स्पर्धा घेतं आणि आपला लेख छापून आला की घरातली सगळी वाचतात. मला दरवर्षी कविता ढिगाने मिळतात. मला हवं असतं ते गद्य : गावच्या बाजारावर, साखर कारखान्याच्या हंगामावर, आपल्या आईच्या रोजच्या कामावर.

पालकांच्या प्रश्नाकडे येते. अभ्यास बुडतो का? तालीम तासांनंतर ठेवली तर नाही बुडत. आमच्याकडे हजेरी कमी असलेल्याला संघात घेत नाही, त्यामुळे उलट वर्गात मुलं जास्त दिसतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांना सहअभ्यासक्रम म्हणून आता श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. ही चांगली गोष्ट झाली. फक्त काही मुलं नुसत्या सहीसाठी येऊ लागली आहेत, त्यांना मी तालमीत बसवून घेते आणि काम देते. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात आपणहून लवकर येतात.

ज्यांची निवड पुढे होईल आणि ज्यांना कोल्हापूरला विद्यापीठात जायचा योग येईल, त्यांनी स्पर्धा उरकून थेट स्टँड गाठू नये. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते हे विद्यापीठ सुरू झालं. आमच्यासारख्या खेड्यांतल्या पहिल्या पिढीला ते पदवीपर्यंत घेऊन आलं. मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा सगळेच बघतात. त्याच्या पुढे जा. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आतून पाहा. एवढी पुस्तकं एका छताखाली आमच्या मुलांनी पाहिलेलीच नसतात. वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयही तिथेच आहे. ज्ञानपीठ मिळालेले हे पहिले मराठी लेखक आपल्या सांगलीत जन्मले, हे किती मुलांना माहीत आहे? एकदा तिथून परतताना एसटीत एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, एम.ए.ला इथे यायचं तर किती टक्के लागतात?" तो घरातला पहिलाच बारावीच्या पुढे गेलेला. त्या वर्षी आम्हाला एकही ढाल मिळाली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

यंदाच्या निवडीसाठी ओळखपत्र, बोनाफाईड आणि जन्मतारखेचा दाखला आत्ताच तयार ठेवा. आयत्या वेळी कार्यालयात रांग लागते. मुलींनी घरच्यांना पहिल्या तालमीलाच बरोबर आणावं, तिथेच बोलून घेऊ. आविष्कारचे विषय ऑगस्टअखेर ठरले तर काम नीट होतं. आणि लोकवाद्यवृंदात यंदा सनई वाजवणारं कुणीच नाही. आमच्या कॉलेजातल्या कुणाच्या घरी, भावकीत, गल्लीत सनई असेल आणि कुणी आजोबा-काका शिकवायला तयार असतील, तर चौथ्या तासानंतर मराठी विभागात येऊन मला भेटा. आजोबांना आणायला-सोडायला मोटारसायकलवरून पोरं येतील.